खोपा कोण बांधतो?

मंडळी, बोरी नदीकाठच्या बाभळीवर लोंबणारे खोपे तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. सुगरण पक्ष्याचे ते घर. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी त्यावर गाणे रचले. बहिणाबाई १८८० साली जन्मल्या, १९५१ साली वारल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरच्यांनी गाणी उतरून ठेवली, म्हणून ती आपल्याला मिळाली.

ते गाणे मी एकदा वर्गात शिकवीत होतो. म्हणालो, "पाहा, पिलांसाठी माय कशी खपते!" तोच मागच्या रांगेतला एक पोरगा उठला. सालदाराचा मुलगा. शेळ्या चारून उशिरा यायचा. गणितात कच्चा.

"गुरुजी, खोपा नर बांधस. मादी नही."

वर्ग हसला. मी त्याला तासभर उभे केले. दुसऱ्या दिवसापासून त्याने शाळा सोडली.

पुढे एक पुस्तक हाती आले. त्यात सलीम अली यांची हकीकत होती. त्यांचा जन्म १८९६ सालचा, मुंबईचा. आईबाप लहानपणीच गेले, मामाने वाढवले. घर खातेपिते होते, पण पोराचे अभ्यासात लक्ष नव्हते. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारी. एकदा गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी पडली. ही कोणती? मामालाही सांगता येईना. मामाने त्याला निसर्ग इतिहास मंडळात पाठवले. तिथल्या मिलार्ड साहेबांनी पोराला हाकलले नाही. कपाटे उघडून भुसा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. झाले! पोराला जन्माचे काम सापडले.

याच सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला सुगरणीचे खोपे दिवसेंदिवस न्याहाळले. खोपा नरच विणतो, असे त्यांना दिसून आले.

म्हणजे पोराचे खरे होते! मी तसाच त्याच्या घरी गेलो. बाप म्हणाला, "विहिरीवर असेल. दुसरे काय सुचते त्याला?"

विहिरीवर बाभूळ वाकली होती. खाली पाणी, वर काटे. साप चढणार कसा? पोरगा मला दाखवू लागला. पावसाळ्यात नराचे डोके पिवळेधमक होते. चोचीने तो गवताच्या पात्याची लांब चिरफळी काढतो, गाठ मारतो, विणतो. खोपा अर्धा झाला की थांबतो आणि पंख फडफडवून मादीला बोलावतो. मादी आत शिरून पाहते. पसंत पडला तर राहते, मग नर खालची नळी पुरी करतो. नाही पसंत पडला तर एवढी मेहनत फुकट! एक घर झाले की हा गडी दुसरे बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. (यावर तो पोरगाही लाजला.)

"हे सारे लिहून काढशील?" मी विचारले.

"चुका व्हतीन, गुरुजी."

"होऊ देत. मीही चुकलोच की."

मी त्याला एक वही दिली. सोमवारी तो शाळेत आला. वहीत पहिल्या पानावर बाभळीचे चित्र होते. खाली लिहिले होते : खोपे अकरा, पुरे झालेले चार.