आपल्या पायाखालचा लाव्हा

वसईत एकेकाळी लाव्हा वाहत होता असं सांगितलं की लोक हसतात. पण विरारचा जीवदानीचा डोंगर घ्या, तुंगारेश्वर घ्या, नाहीतर साइटवर येणारी खडी घ्या. हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हाच! जिऑलॉजीच्या पेपरात 'डेक्कन ट्रॅप'ला आपण दोन मार्कांत उरकतो. खरी गोष्ट मात्र त्याहून मोठी आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी उत्तरेकडे सरकणारा भारत रियुनियन हॉटस्पॉटवर आला. हॉटस्पॉट म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येण्याची जागा. आता प्रेशर कुकर आठवा. आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं, कारण दाब असतो. दाब सोडला की गॅस न वाढवताही त्याची भसाभस वाफ होते. खडकाचंही तसंच. खोलवर तो दाबामुळे घन राहतो. वर येताना दाब घटतो आणि तो वितळू लागतो. त्यात वरचं भूकवच ताणलं जाऊन पातळ झालं, तर मॅग्माला भेगांची वाट आयती मिळते. आपल्याकडे असेच थरावर थर साचले. आजही ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत.

पुढे साधारण ६.३ कोटी वर्षांपूर्वी ताण इतका वाढला की सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला आणि मध्ये समुद्र आला. याचा पुरावा बघायला परदेशी जायला नको. माथेरानला लाव्हाचे थर जवळजवळ आडवे दिसतात, पण मुंबईकडे तेच थर समुद्राच्या दिशेने कलतात. या वाकाला 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. कोकणात किनाऱ्याला समांतर जाणारे डाइक, म्हणजे भेगांत गोठलेल्या दगडी भिंती, हीसुद्धा त्याच ताणाची खूण.

मग वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीचं गरम पाणी? तो ज्वालामुखी अजून जिवंत आहे का? अजिबात नाही. तो लाव्हा केव्हाच थंड झालाय. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि भेगांतूनच वर येतं.

पण भेगा नुसतं गरम पाणीच देत नाहीत. कवचातल्या त्या कमकुवत जागा असतात. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्याच जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास हजारो छोटे धक्के बसले. काही चार रिश्टरच्या आसपासचे होते. लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. हैदराबादच्या एनजीआरआयने तिथे भूकंपमापक बसवले. भेगांत मुरणाऱ्या पाण्यामुळे खडकातला दाब बदलून असे धक्के बसतात, असं काही शास्त्रज्ञांचं मत आहे.

आता आपल्याकडे बघा. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत हा भाग झोन तीनमध्ये होता, म्हणजे मध्यम धोका. खाडीलगत आणि मिठागरांजवळ वरचा थर मऊ चिखलाचा. अशा मातीत धक्का कठीण खडकापेक्षा जास्त जाणवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला इमारत कोसळून १७ जण गेले, तेही जमीन हललेली नसताना! धक्का बसला असता तर?

सेशेल्स गेलं ते कोणी थांबवू शकलं नसतं. पण पाया खडकापर्यंत नेणं, कॉलम-बीमच्या जोडाजवळ रिंगा जवळजवळ बांधणं आणि माती तपासल्याशिवाय ड्रॉइंगवर सही न करणं, हे उद्या आपल्याच हातात असणार आहे. तेव्हा जिऑलॉजीचा तास बंक करताना एकदा खाली जमिनीकडे बघा!