चार वस्तू, तिघांची जागा

साहित्य मंडळाच्या अंकात संगणकाचा धडा कशाला, असं कुणी विचारेल. पण हा धडा नावांबद्दलच आहे. ब्राउझरमध्ये आपण साइटचं नाव टाकतो. यंत्राला मात्र आकड्यांचा आयपी पत्ता लागतो. नावावरून पत्ता शोधायचं काम प्रत्येक प्रोग्राम स्वतः करत बसत नाही. लिनक्सच्या बऱ्याच यंत्रांवर ते जीलिबसी ही सामायिक लायब्ररी करते. त्यामुळे लायब्ररी चुकली की तिच्यावर विसंबलेले सगळेच गोत्यात येतात.

'घोस्ट' प्रकरणात हेच झालं. या लायब्ररीत गेटहोस्टबायनेम नावाचं जुनं फंक्शन आहे. त्याला दिलेलं 'नाव' मुळात आकड्यांचा पत्ताच असेल, तर शोधाशोध न करता तोच परत द्यायचा, अशी सोय आत आहे. खोट नेमकी त्या सोयीत होती. मेमरीत चार वस्तू ठेवायच्या होत्या; जागा मोजताना तीनच धरल्या. राहून गेलेला पॉइंटर 32 बिटच्या यंत्रावर 4 बाइटचा, 64 बिटच्या यंत्रावर 8 बाइटचा. तेवढाच मजकूर हद्दीबाहेर सांडायचा, आणि तोही फक्त आकडे-टिंबांचं, हजारभर अक्षरांचं नाव दिलं तरच. पण तेवढं पुरलं. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी ठरावीक सेटिंग असलेल्या एक्झिम या मेल सर्व्हरचा दुरून ताबा घेऊन दाखवला. मेल पाठवणारा आधी आपलं नाव सांगतो. हल्ला त्या ओळखीतूनच आत शिरला.

आता तारखा बघा. ही खोट नोव्हेंबर 2000 मध्ये आलेल्या 2.2 आवृत्तीपासून होती. 21 मे 2013 रोजी ती दुरुस्तही झाली. तरी 27 जानेवारी 2015 ला ती जाहीर झाली तेव्हा डेबियन 7, सेंटओएस 6 आणि 7, उबुंटू 12.04 यांना धोका होताच. का? दुरुस्ती झाली तेव्हा ती सुरक्षेची आहे, हे ओळखलं गेलं नव्हतं. जुन्या स्थिर आवृत्त्यांत सहसा महत्त्वाच्या दुरुस्त्याच मागाहून घालतात. हिच्यावर तसा शिक्का नव्हता, म्हणून ती बाहेरच राहिली.

सिस्टीमची लायब्ररी आपल्या हातात नसते. प्रोग्राम ज्याच्या यंत्रावर चालणार, त्याने ती अद्ययावत केली असेलच असं नाही. अशा वेळी आपल्या कोडमध्ये वळसा घालावा लागतो.

एक: आलेला मजकूर आधी इनेट-एटन या फंक्शनला दाखवा. तो पत्ताच निघाला तर थेट वापरा, पुढे शोधायला पाठवू नका. ज्या प्रोग्राममध्ये ही सवय होती, ते घोस्टमधून आपोआप वाचले.

दोन: लांबी तपासा. डीएनएसमधलं पूर्ण नाव 253 अक्षरांपलीकडे जात नाही. हजार अक्षरांचं 'नाव' दारातूनच परत पाठवा.

तीन: नव्या कोडमध्ये गेटअ‍ॅड्रइन्फो वापरा. पण नवं म्हणून डोळे मिटू नका. फेब्रुवारी 2016 मध्ये त्यातही मोठी खोट जाहीर झाली. 2048 बाइटपेक्षा मोठ्या डीएनएस उत्तरांनी मेमरीची हद्द ओलांडली जायची. तेव्हा मधल्या डीएनएस सर्व्हरवर उत्तराच्या आकाराला मर्यादा घालणं, हा तात्पुरता वळसा होता.

वळसा हा इलाज नव्हे. लायब्ररी अद्ययावत करायचीच, आणि नंतर चालू सेवा पुन्हा सुरू करायच्या; नाहीतर त्या मेमरीतली जुनी लायब्ररीच वापरत राहतात.

चार, आणि हे आपल्या विषयातलं: वळशाशेजारी टिपण लिहा. कोणती खोट, कोणत्या आवृत्तीत गेली, धोका कुणाला, आणि हा वळसा कधी काढायचा. 2013 ची दुरुस्ती बरोबर होती, पण तिचं महत्त्व सांगणारं एक वाक्य सोबत नव्हतं. त्यापायी वीस महिने गेले. तुमच्या वर्गातलं कुणी कोड लिहीत असेल, तर त्याचं टिपण एकदा वाचून बघा. त्यातला तांत्रिक भाग कळला नाही तरी चालेल. धोका कुणाला आहे हे कळतंय का, एवढंच सांगा.