एड्स प्रतिबंध : पुढारपण ज्यांचे त्यांच्याच हाती हवे

एड्सवर काहीच उपाय नाही, असे अजूनही पुष्कळ लोक समजतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. एचआयव्हीच्या विषाणूला दाबून ठेवणारी औषधे शासकीय एआरटी केंद्रांत मोफत मिळतात. ती रोज न चुकता घेतली तर रुग्ण कामधंदा करीत दीर्घकाळ जगतो. रक्तातील विषाणू तपासणीत न दिसण्याइतके कमी राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. मग अडते कुठे? तपासणी केंद्राच्या दारापर्यंत येण्यातच! आणि समलिंगी पुरुष व तृतीयपंथी यांच्या बाबतीत ते फारच अडते.

लागण जास्त का?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार देशातील प्रौढांत एचआयव्हीचे प्रमाण शेकडा ०.२१ होते. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत ते शेकडा ३.२६ आणि तृतीयपंथीयांत ३.७८ आढळले, म्हणजे पंधरा पटींहून अधिक.

याचे एक कारण शारीरिक आहे. गुदाशयाचे अस्तर पातळ व नाजूक असते. त्याला सहज सूक्ष्म जखमा होतात आणि विषाणू आत शिरतो. दुसरे कारण सामाजिक आहे. भेटी चोरून, घाईत होतात. निरोध जवळ नसतो. असलाच तर त्यावर खोबरेल किंवा व्हॅसलीन लावले जाते आणि तो फाटतो. तेथे पाण्यात विरघळणारे वंगणच वापरावे लागते. यातील बरेच पुरुष विवाहित असतात, त्यामुळे धोका घरातील पत्नीपर्यंत पोहोचतो.

डॉक्टर कमी पडतात ते येथे

आमच्यासारख्या दवाखान्यात असा रुग्ण जळजळ किंवा जखम घेऊन येतो. ‘बाहेर कुठल्या बाईकडे गेला होतात का?’ असे विचारले की तो ‘नाही’ म्हणतो, आणि ते खरेही असते! पुढचे तो बोलत नाही. गाव लहान, कंपाउंडर ओळखीचा, बाहेर बाकावर शेजारी बसलेला. तीस वर्षे दवाखाना चालवल्यावर माझे मत झाले आहे की, हा माणूस मनातले पहिल्यांदा सांगतो ते आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला.

मुंबईत हे फार पूर्वी ओळखले गेले. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले आणि १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला. महापालिकेने वाकोल्यात त्याला जागा दिली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला. ही कामे त्या समाजातील माणसांनीच उभी केली.

वाट सोपी नव्हती. जुलै २००१ मध्ये लखनौत असेच प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना अटक झाली. कलम ३७७ मुळे एड्स प्रतिबंधात अडथळा येतो, असे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनेच २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितले. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रौढांच्या संमतीने झालेले संबंध गुन्ह्यातून वगळले. त्याआधी २०१४ मध्ये तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख देणारा निकाल लागला. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही त्या खटल्यात बाजू मांडली होती.

पुढारी कसा तयार होतो?

सुरुवात लहान कामापासून होते. एखादा तरुण निरोध वाटतो, मित्राला तपासणीला घेऊन जातो, अहवाल मिळेपर्यंत शेजारी बसतो. त्याला गुप्तरोगांची लक्षणे व समुपदेशन शिकवावे. पुष्कळ ठिकाणी गाडी येथेच थांबते. वाटप त्याच्याकडे आणि निर्णय दुसऱ्यांकडे! असे होऊ नये. हिशेब लिहिणे, सभा चालवणे, तपासणीची वेळ व जागा ठरवणे, जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे तक्रार मांडणे, हेही त्याने शिकावे. त्याला योग्य मानधन मिळावे. पुढे त्यांची स्वतःची नोंदणीकृत संस्था व्हावी, म्हणजे बाहेरचा निधी किंवा अधिकारी बदलला तरी काम टिकते. पुढारी एकच नसावा आणि त्यांत तृतीयपंथीही असावेत, कारण त्यांच्या अडचणी वेगळ्या असतात. मात्र कोणालाही आपली ओळख उघड करण्याची सक्ती नसावी. पडद्याआड राहूनही पुष्कळ काम करता येते.

लक्षात ठेवा

• धोका वाटत असल्यास दर सहा महिन्यांनी एचआयव्ही व सिफिलिसची तपासणी करावी.

• असुरक्षित संबंध आल्यास ७२ तासांच्या आत शासकीय रुग्णालय गाठावे. लागण टाळणारी औषधे जितकी लवकर सुरू होतील तितकी चांगली.

• २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय तपासणी करण्यास, रुग्णाची माहिती फोडण्यास व भेदभाव करण्यास मनाई आहे.

• माहितीसाठी १०९७ हा क्रमांक मोफत आहे.

• आपल्या गावात असा एखादा गट काम करू लागला तर त्याला बैठकीसाठी खोली मिळवून द्यावी, टिंगल करू नये. डॉक्टरांनी ‘जोडीदार स्त्री की पुरुष?’ हा प्रश्न रक्तदाब विचारावा तितक्या सहजपणे आणि दार लावून विचारावा.