भांडणानंतरचा मृत्यू : मार की आजार?

हळद शिजवताना, वीटभट्टीवर किंवा मोंढ्यात दोन मजुरांची बाचाबाची होते. एक-दोन धक्के बसतात, लोक सोडवतात आणि तासाभराने त्यांतला एक जण कोसळून मरतो. लगेच गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, "मारून टाकला." दुसरा म्हणतो, "त्याला आधीच दुखणे होते, भांडण निमित्तमात्र." वाचकहो, यातले खरे कोणते, हे प्रेत नुसते बाहेरून पाहून डॉक्टरलाही सांगता येत नाही. इतिहासातली दोन उदाहरणे पाहिली म्हणजे हे पटेल.

रागाचा झटका

जॉन हंटर हे इंग्लंडात तिसऱ्या जॉर्ज राजाच्या काळातले नामांकित शस्त्रवैद्य. त्यांना अनेक वर्षे हृदयशूळाचा त्रास होता. जो कोणी आपल्याला चिडवील त्याच्या हाती आपला जीव आहे, असे ते स्वतःच म्हणत. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या सभेत विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून खडाजंगी झाली. हंटर संतापून शेजारच्या खोलीत गेले आणि तेथेच कोसळले. त्यांना कोणी बोटही लावले नव्हते. शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या हाडासारख्या कठीण झालेल्या आढळल्या.

रागाच्या भरात नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त रक्त लागते. रोहिण्या अरुंद असतील तर ते मिळत नाही.

फुटलेली पानथरी

दुसरे उदाहरण आपल्या देशातले आणि गरीब कामकऱ्याचे. ३१ ऑक्टोबर १८७५, रविवार. आग्र्याचे इंग्रज वकील फुलर चर्चला निघाले. मोतद्दार कटवारू वेळेवर हजर नव्हता, म्हणून त्यांनी त्याला तोंडावर-डोक्यावर मारले व केस धरून ओढले. तो पडला, उठून बाजूला गेला आणि थोड्याच वेळात मेला. तपासणीत त्याची प्लीहा, म्हणजे पानथरी, फाटलेली निघाली. मॅजिस्ट्रेटने केवळ किरकोळ दुखापतीचा गुन्हा धरून तीस रुपये दंड केला. १८७६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी या निकालावर लेखी नापसंती नोंदवली आणि देशभर चर्चा झाली.

पानथरी पोटात डाव्या बरगड्यांखाली असते. निरोगी माणसात तिचे वजन साधारण दीडशे ग्रॅम. वारंवार हिवताप झाल्यास ती फार वाढते आणि नाजूक होते. मग साध्या ठोशाने किंवा नुसत्या पडण्यानेही ती फाटू शकते. कातडीवर ओरखडाही नसतो, पण पोटात रक्त साठत जाते.

मग 'आजारी होता म्हणून मेला' असे म्हणून मारणारा सुटतो काय? नाही. आजारी माणसाला इजा करून त्याचा मृत्यू लवकर ओढवला, तर तो मृत्यू त्यानेच घडवला असे कायदा मानतो. जुन्या दंड संहितेच्या कलम २९९ मध्ये हे स्पष्टीकरण होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० मध्येही ते आहे. हेतू काय होता व किती जाणीव होती, यावरून गुन्ह्याचे स्वरूप न्यायालय ठरवते.

शवविच्छेदन कशासाठी?

पोलीस पंचनामा करून प्रेत सरकारी दवाखान्यात पाठवतात. डॉक्टर डोके, छाती व पोट उघडून पाहतात. कवटीखाली रक्त साठले आहे का, हृदयाच्या रोहिण्या कशा आहेत, पानथरी, यकृत शाबूत आहे का, हे तपासतात. विषाची शंका असल्यास व्हिसेरा प्रयोगशाळेत जातो. हृदयविकाराचा झटका येऊन माणूस काही तासांतच गेला असेल, तर हृदयाच्या स्नायूत नुसत्या डोळ्यांना बदल दिसत नाही. तेव्हा तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. म्हणून अहवालाला वेळ लागला की लगेच संशय घेऊ नये.

"देहाची विटंबना नको" म्हणून नातेवाईक घाईने अंत्यविधी उरकतात. त्यांचे दुःख समजण्यासारखे आहे. पण प्रेत जळाले की पुरावाही जळतो. मृत मजुराच्या बायकामुलांचा न्याय जातो आणि कदाचित एखादा निरपराध माणूस जन्मभर खुनी म्हणवला जातो.

आपण काय करावे?

मार लागलेला माणूस उठून चालू लागला म्हणजे धोका टळला असे समजू नका. डोक्याला मार लागल्यावर माणूस काही तास नीट बोलतो आणि मग गुंगीत जातो, असेही होते. पानथरी तर काही दिवसांनीही फुटू शकते. म्हणून पुढील लक्षणांवर नजर ठेवा :

* पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणे
* चेहरा पांढरा पडणे, घाम, तहान, चक्कर
* वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी
* छातीत दाब, धाप लागणे

यांपैकी काहीही दिसले तर दारू प्यायलाय, झोपू द्या, असे म्हणू नका. पाणी, चहा, गोळी न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा व मार कुठे, केव्हा लागला हे डॉक्टरांना खरे सांगा. पोलिसांच्या भीतीने 'पडला' असे सांगितले तर उपचार चुकीच्या दिशेने जातात. वेळेत रक्त मिळाले आणि शस्त्रक्रिया झाली, तर फुटलेल्या पानथरीचा रुग्णही वाचतो.