निरोप नेणारा दोषी कधी ठरतो?

धाराशिव जिल्ह्यात आज शेळ्यांच्या सौद्यापासून खव्याच्या भावापर्यंत बरेच व्यवहार व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बोलले जातात. ग्रुप काढणारा बहुधा आपल्यातलाच एखादा व्यापारी किंवा कारागीर असतो. तिथे दुसऱ्याच कोणी आक्षेपार्ह मजकूर टाकला तर ॲडमिनवर गुन्हा लागतो का, ही धास्ती अनेक बांधवांना आहे.

हा वाद व्हॉट्सॲपपेक्षा जुना आहे. १८८५ च्या तार कायद्याने तारेचा एकाधिकार सरकारकडे ठेवला होता. निरोप नेणारे सरकारच असल्यामुळे निरोप्याला जबाबदार धरण्याचा प्रश्न सहसा येत नसे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, १९९८ मध्ये खासगी कंपन्यांनाही हे क्षेत्र खुले झाले, आणि निरोप्ये अनेक झाले.

१७ ऑक्टोबर २००० पासून माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला. त्याच्या कलम ७९ मध्ये अशा निरोप्याला सूट होती. पण मजकुराची माहिती नव्हती किंवा पुरेशी खबरदारी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचे होते. याची झळ २००४ मध्ये मुंबईच्या बाझी डॉट कॉमला बसली. या संकेतस्थळावर एका विद्यार्थ्याने अश्लील चित्रफीत विकायला ठेवली. कंपनीने जाहिरात काढून टाकली, तरी डिसेंबरमध्ये कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांना दिल्ली पोलिसांनी अटक केली. त्यांची पूर्ण सुटका व्हायला २०१२ उजाडले, आणि तीही कंपनीला आरोपी केले नव्हते या मुद्द्यावर. बाजार भरवणाऱ्याला एका गाळेवाल्याच्या मालासाठी आठ वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या!

या प्रकरणानंतर कलम ७९ बदलण्यात आले. ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत ऑनलाइन बाजार आणि सायबर कॅफे यांचाही स्पष्ट उल्लेख आला. पुढे २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना मिळूनही मजकूर न हटवल्यासच ही सूट जाते. त्याच निकालाने कलम ६६ अ रद्द झाले. याच कलमाखाली २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील साध्या मतासाठी अटक झाली होती.

ॲडमिनसाठी महत्त्वाचा निकाल मात्र मार्च २०२१ चा, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा. गोंदिया जिल्ह्यातील एका ग्रुपवर एका सदस्याने महिला सदस्याविषयी अश्लील मजकूर टाकला. ॲडमिनने त्याला काढले नाही, माफीही मागायला लावली नाही, अशी तक्रार होती. न्यायालयाने ॲडमिनवरील गुन्हा रद्द केला. ॲडमिनच्या हाती सदस्य घेणे आणि काढणे एवढेच असते. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत असल्याशिवाय दुसऱ्याचा दोष त्याच्यावर येत नाही, असे न्यायालय म्हणाले. आपला जिल्हा औरंगाबाद खंडपीठाकडे असला तरी उच्च न्यायालय एकच आहे, त्यामुळे हा निकाल धाराशिवच्या न्यायालयातही दाखवता येतो.

तरीही आम्ही निर्धास्त राहण्याचा सल्ला देणार नाही. २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने ॲडमिनला दुसऱ्याचा संदेशही पुसण्याची सोय दिली. २०२१ चा निकाल तेव्हाच्या मर्यादित अधिकारावर बेतलेला होता. अधिकार वाढला की अपेक्षाही वाढते. शिवाय ही ढाल फक्त ॲडमिनपुरती आहे. जो स्वतः मजकूर लिहितो किंवा पुढे पाठवतो, तो निरोप्या उरत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, संदेश पुढे पाठवणे म्हणजे त्याला संमती देणेच, असे मत नोंदवले आहे.

म्हणून धंद्याच्या ग्रुपवर भाव आणि माल यापलीकडचे काही नको, हे पहिल्याच दिवशी लिहून टाकावे. वाईट मजकूर दिसताच त्याचा तारखेसह फोटो काढून ठेवावा, मग तो पुसावा आणि पाठवणाऱ्याला बाहेर काढावे. बाजार तापलेला असेल त्या दिवसांत फक्त ॲडमिनच लिहू शकेल अशी सेटिंग ठेवावी. ग्राहकाला भाव तर तरीही कळतोच.