पूर ओसरला, खोकला का राहिला?

प्रश्न : आमचं घर दहिवलीत, उल्हास नदीलगत. २००५ आणि २०२१, दोन्ही पुरांत पाणी घरात शिरलं. तेव्हापासून आईचा खोकला जात नाही. पुराचा त्रास इतकी वर्षं राहतो का? — एक वाचक, कर्जत

उत्तर : राहू शकतो, पण दोष बहुधा पाण्याचा नसतो, त्यानं मागे ठेवलेल्या ओलीचा असतो. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि मागे बॅटरी मारा. पोपडे, काळे ठिपके, कुबट वास असेल तर ती बुरशी. गणपतीआधी वरून रंगाचा हात मारला की ती झाकली जाते, जात नाही. तिचे कण श्वासातून जाऊन खोकला, दमा बळावतो. पोपडे काढताना नाकाला फडकं बांधा आणि आईंना तेवढा वेळ शेजाऱ्यांकडे बसवा. मात्र सगळं पुराच्या माथी मारू नका. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्यात क्षयाची तपासणी आधी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

पुराच्या चिखलातून येणाऱ्या लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ताप उतरल्यावर काही महिन्यांनी डोळा लाल होऊन अंधूक दिसू शकतं, हे फारसं ठाऊक नसतं. तेव्हा ‘डोळे आले’ म्हणून दुकानातले थेंब घालू नका. डॉक्टरांना जुना ताप आठवणीनं सांगा.

खालापूरकडे, पाताळगंगेच्या खोऱ्यात कारखाने आहेत. तिथं पुराच्या पाण्याला रसायनाचा वास किंवा तवंग होता का, तेही तिकडच्या वाचकांनी डॉक्टरांना सांगायला हवं. असा रेंगाळणारा त्रास नोंदवता येतो. भोपाळमध्ये १९८४च्या वायुगळतीनंतर आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) हजारो रहिवाशांची नोंद करून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. म्हणून फुप्फुसांचे आणि डोळ्यांचे रेंगाळलेले त्रास कागदावर आले. आपल्या पुराच्या पंचनाम्यात भिजलेलं धान्य आणि वाहून गेलेली गुरं येतात, आईंचा खोकला येत नाही. मला हे खटकतं.

आणखी एक, मनाच्या त्रासाबद्दल. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले. वाचलेल्यांना चौक गावाजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं. अशा प्रसंगानंतर पावसाच्या रात्री झोप उडणं, छाती धडधडणं वर्षानुवर्षं टिकू शकतं. तुमच्या घरात कुणाला तसं होत असेल तर आईंच्या खोकल्याबरोबर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यावरही उपचार आहेत.