आजोबांची डॉज

प्रश्न : आजोबांची 1951 ची डॉज अनेक वर्षे छपरीत उभी आहे. घरीच दुरुस्त होईल का?
– एक वाचक, आजरा

उत्तर : अवश्य होईल. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यास जुळवलेल्या या मोटारींची यंत्ररचना सरळ आहे. परंतु आजऱ्याच्या मुसळधार पर्जन्याने पत्रा व चासी जर्जर होण्याचा संभव असल्यामुळे प्रथम तळाचा पत्रा तपासावा. इंजिन एकदम स्टार्टरने फिरवू नये. प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडावे आणि ते मुरल्यावर हाताने हलवून पाहावे. बॅटरी सहा व्होल्टची असून तिचे धन टोक चासीस जोडलेले असते, हे वायरमनला बजावून सांगावे. मूळ इंजिन व सांगाडा कदापि बदलू नये, कारण 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या मोटारीस विंटेज नोंदणी मिळण्यास ते मूळ स्वरूपात असावे लागतात. नोंदणीचे दस्तऐवज मात्र आजच शोधा.